नवऱ्याने ठोकली, पॉलिसी माझी: नेम्ड ड्रायव्हरचा अपघात यूकेतल्या इन्शुरन्सला कसा कळवायचा

मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्याला राउंडअबाउटचं कौतुक नाही, दूध आणायला गेलं तरी चार लागतात. तर नोव्हेंबरातली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले म्हणजे इकडे मिट्ट काळोख, वर भुरभुर पाऊस, आणि नवरा, माझ्या पॉलिसीवरचा नेम्ड ड्रायव्हर म्हणजे नाव घातलेला दुसरा चालक, माझी गाडी घेऊन लेकाला स्विमिंगवरून आणत होता. राउंडअबाउटच्या तोंडाशी पुढची गाडी निघाली, ह्याने उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा दिसला म्हणून ब्रेक सोडला, आणि पुढच्या बाई निघता निघता परत थांबल्या. धप्प. आवाज एवढासाच, म्हणजे लेक मागे बसून चिप्स खात होता त्याची पिशवीसुद्धा सांडली नाही.

बाई उतरल्या, मोबाइलचा टॉर्च मारून बंपर बघितला, म्हणाल्या काही विशेष दिसत नाही, नंबर देऊन ठेव. घरी आल्यावर नवऱ्याचं म्हणणं, "अगं कशाला कळवायचं, शंभर-दोनशे पौंडात आटपेल, आपण कॅश देऊन टाकू." मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. एकोणिसाव्या दिवशी माझ्या इन्शुरन्स कंपनीचा ईमेल, समोरच्या कंपनीकडून क्लेम आलाय, बंपर, त्यातले पार्किंग सेन्सर, रंग, शिवाय दुरुस्ती होईपर्यंत भाड्याची गाडी, आणि तुम्ही आम्हाला अपघात कळवलेला दिसत नाही तो का?

गाडी माझी, पॉलिसी माझी, नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) माझा, आणि पाय ब्रेकवरून उचलला दुसऱ्याने. त्यानंतरच्या दोन महिन्यांत फोनवर आणि कागदात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण आमच्या मराठी ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि दर वेळी कोणीतरी "नका सांगू, त्यांना काय कळतंय" असा सल्ला देतं. त्यांना कळतं. कसं ते पुढे येईलच.

आधी डोक्यातला भारत बाजूला ठेवा

आपल्या लोकांचा गोंधळ होतो त्याचं मूळ इथे आहे. भारतात आपण विमा काढतो गाडीचा. गाडी बाबांच्या नावावर, चालवतो भाऊ, कधी काका, कधी शेजारचा, लायसन्स असलं आणि मालकाची परवानगी असली की झालं, पॉलिसीवर ड्रायव्हरांची नावं लिहायची पद्धतच नाही. नो क्लेम बोनस मालकाचा, २० टक्क्यांपासून चढत चढत ५० पर्यंत जातो, क्लेम केला की शून्यावर, विषय संपला. कोण चालवत होतं ह्याची नोंद त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं फिरत नाही.

यूकेत विमा गाडीइतकाच माणसांचा असतो. पॉलिसीवर ज्यांची नावं आहेत तेवढेच चालवणार, आणि त्यातल्या प्रत्येकाचं वय, लायसन्स, त्यावर लागलेले दंडाचे पॉइंट, मागचे अपघात हे सगळं मिळून प्रीमियम ठरतो. मुख्य ड्रायव्हर मी, नवरा नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे त्याचा इतिहास माझ्या प्रीमियममध्ये आधीच मिसळलेला आहे. तो इतिहास बदलला की माझ्या पॉलिसीचा हिशोब बदलला, मग अपघात माझ्या गाडीत झालेला असो नाहीतर त्याच्या ऑफिसच्या व्हॅनमध्ये.

तुमची केस कोणती ते ओळखा

सरधोपट तीन प्रकार पडतात आणि तिन्हीत करायचं काम थोडं वेगळं आहे.

एक, आमच्यासारखं, नेम्ड ड्रायव्हरने तुमचीच गाडी ठोकली किंवा त्याच्या हातात असताना कोणी तिला ठोकलं. हा तुमच्या पॉलिसीवरचा क्लेम, एनसीबी तुमचा जाणार.

दोन, तो तुमच्या पॉलिसीवर आहे पण अपघात झाला दुसऱ्याच गाडीत, स्वतःच्या, मित्राच्या, कंपनीच्या, भाड्याच्या. इथे तुमचा एनसीबी सुरक्षित, पण अपघाताची माहिती तुमच्या कंपनीलाही लागते. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण "माझ्या गाडीला तर ओरखडाही नाही" हे डोक्यात असतं.

तीन, अपघात जुना, दोन-तीन वर्षांपूर्वीचा, आणि आता त्या माणसाला पॉलिसीवर घ्यायचंय. लग्न होऊन आलेली बायको, शिकायला आलेला भाचा, फ्लॅटमेट. इथे नाव घालतानाच सांगायचं, नंतर नाही.

रस्त्यावर असतानाच

हे थोडक्यात, कारण गूगलवर भरपूर आहे. थांबायचं. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या कलम १७० प्रमाणे दुसऱ्या गाडीचं नुकसान किंवा कोणाला इजा झाली असेल तर थांबून नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर देणं बंधनकारक आहे, आणि ते तिथे जमलं नाही तर लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला घासून चिठ्ठी न ठेवता निघून जाणं हे ह्याच कलमात येतं, लोकांना वाटतं तो नुसता असभ्यपणा.

गाडी जर नेम्ड ड्रायव्हरच्या नावावर नसेल तर त्याने मालकाचं नावपण द्यायचं, आमच्या ह्यांनी ते दिलंच नव्हतं, स्वतःचं नाव आणि मोबाइल देऊन आले. फोटो काढा, दोन्ही गाड्या एका फ्रेममध्ये येतील असा एक तरी. आणि तिथे उभं राहून "माझीच चूक, मी भरतो" असं व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नका, बहुतेक पॉलिसींमध्ये अट असते की कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं कबूल करायचं नाही. सॉरी म्हणायला हरकत नाही, इकडे खांबाला धडकलं तरी लोक सॉरी म्हणतात.

घरी आल्यावर तीन कागद काढा

ईमेलमध्ये शोधा, पॉलिसी घेतली त्या दिवशी तीन-चार पीडीएफ आलेल्या असतात आणि आपण त्यातलं सर्टिफिकेट सोडून काही उघडत नाही. पॉलिसी बुकलेट, शेड्यूल, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे स्टेटमेंट ऑफ फॅक्ट. तुम्ही फॉर्म भरताना जी उत्तरं दिली ती सगळी त्यात छापलेली असतात. माझ्यात तिसऱ्या पानावर खाली छोट्या चौकटीत होतं: ड्रायव्हर दोन, मागच्या पाच वर्षांतले अपघात व क्लेम, काही नाही. ही ओळ आता खरी आहे का, एवढाच प्रश्न आहे. उद्या काही झालं तर कंपनीचा माणूस सगळ्यात आधी ह्याच चौकटीवर बोट ठेवणार.

बुकलेटमध्ये मग दोन ठिकाणं वाचा, अपघात झाल्यावर काय करायचं ते आणि माहिती बदलली तर काय करायचं ते. पहिल्यात साधारण असं असतं की क्लेम करणार नसाल तरी अपघात ताबडतोब कळवा, काही कंपन्या तास किंवा दिवस ठरवून देतात. दुसऱ्यात कोणकोणते बदल पॉलिसी चालू असतानाच कळवायचे त्याची यादी असते: पत्ता, नोकरी, गाडीतले फेरफार, ड्रायव्हरला पॉइंट लागले, आणि बऱ्याच जणांकडे, कुठल्याही ड्रायव्हरचा कुठल्याही गाडीतला अपघात. तुमच्या यादीत हे नसेल तर दुसऱ्या प्रकारचा अपघात रिन्युअलला सांगितला तरी चालतं, पण माझं मत विचाराल तर तरी ईमेल टाकून विचारा, उत्तर लेखी राहतं.

फोन करण्याआधी हे समोर लिहून ठेवा

पॉलिसी नंबर. अपघाताची तारीख आणि साधारण वेळ. जागा. कोण चालवत होतं, त्याची जन्मतारीख आणि लायसन्स नंबर. दोन्ही गाड्यांचे नंबर. समोरच्याचं नाव, फोन, माहीत असेल तर त्याची कंपनी. कोणाला लागलं का. पोलीस आले का, आले असतील तर रेफरन्स. अपघात दुसऱ्या पॉलिसीवरचा असेल तर त्या क्लेमचा नंबर, चालू की बंद, बंद झाला असेल तर किती पैसे गेले आणि चूक कोणाच्या माथी लागली. हा शेवटचा तपशील तोंडी ऐकीव नको, नेम्ड ड्रायव्हरला त्याच्या कंपनीकडून ईमेल मागवायला सांगा, कारण अंदाजाने सांगितलेला आकडा आणि नोंदीतला आकडा जुळला नाही की पुन्हा तेच दळण.

फोनवर काय बोलायचं

फोन पॉलिसीहोल्डरने करायचा. नवऱ्याने आधी स्वतः केला होता, वीस मिनिटं बासरी ऐकली आणि मग कळलं की तो पॉलिसीहोल्डर नाही म्हणून त्याच्याशी बोलणार नाहीत. तुम्हाला फोनवर इंग्रजी बोलायचं दडपण येत असेल तर आधी तुम्ही ओळख पटवा आणि मग "माझ्या वतीने हा बोलेल" असं सांगा, बहुतेक जण ऐकतात.

सुरुवातीचं वाक्य नीट हवं, कारण त्यावरून समोरची मुलगी कुठलं बटण दाबणार ते ठरतं. क्लेम करायचा नसेल तर आधीच म्हणा की मला फक्त माहितीसाठी अपघात नोंदवायचा आहे, त्यांच्या भाषेत "नोटिफिकेशन ओन्ली". हे न म्हणता थेट गोष्ट सांगायला लागलात तर ती क्लेमच उघडून बसते, गाडी कुठल्या गॅरेजला पाठवू, भाड्याची गाडी हवी का, सगळं सुरू होतं आणि मग तो उघडलेला क्लेम बंद करायला वेगळे फोन.

मग सरळ सांगायचं: माझ्या पॉलिसीवरचा दुसरा ड्रायव्हर, अमुक तारखेला, अमुक गाडीत, अमुक झालं. त्याच्या तोंडचं सांगा, तुमचा निष्कर्ष नको. मी "त्याचं लक्ष नव्हतं" म्हणणार होते, नवरा बाजूला बसून डोळे वटारत होता, आणि खरंच मी तिथे नव्हते तर मला काय माहीत त्याचं लक्ष कुठे होतं? पुढची गाडी थांबली, आमची मागून लागली, एवढंच.

आणि चार प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. हे फॉल्ट (आमच्या ड्रायव्हरची चूक), नॉन-फॉल्ट की अजून न ठरलेलं म्हणून नोंदवताय? माझ्या एनसीबीवर परिणाम कधी आणि किती? चालू पॉलिसीचा प्रीमियम आत्ता बदलणार का, आणि बदल करायची ॲडमिन फी किती? ही नोंद कोणत्या ड्रायव्हरच्या नावाखाली गेली? चौथा प्रश्न वेडगळ वाटतो पण आमच्या केसमध्ये पहिल्यांदा ती माझ्याच नावाने गेली होती, मी चालवत होते म्हणून. दुरुस्त करून घ्यायला दोन ईमेल लागले.

फोन झाला की त्याच दिवशी ईमेल किंवा त्यांच्या चॅटवर चार ओळी टाका: आज इतक्या वाजता बोललो, हे सांगितलं, तुम्ही हे म्हणालात. आणि नवीन स्टेटमेंट ऑफ फॅक्ट मागा, त्या चौकटीतलं "काही नाही" बदललंय का ते डोळ्यांनी बघा.

फॉल्ट, नॉन-फॉल्ट आणि "आपली चूकच नाही तर सांगायचं कशाला"

सांगायचं. फॉर्मवरचा प्रश्न बहुतेक वेळा "चूक कोणाचीही असो, क्लेम केला असो वा नसो" असाच असतो. उभ्या गाडीला कोणी ठोकून गेलं तरी अपघात तो अपघात. नॉन-फॉल्टनेही काही कंपन्यांचा प्रीमियम थोडा वाढतो, हे अन्यायाचं आहे, मलाही तसंच वाटतं, पण म्हणून उत्तर बदलत नाही.

इथे एक शब्द नीट धरा. बोनस "नो क्लेम" चा आहे, "नो ब्लेम" चा नाही. कंपनीचे पैसे गेले आणि समोरच्याकडून पूर्ण वसूल झाले नाहीत तर तुमच्या ड्रायव्हरची चूक नसली तरी नोंद फॉल्टमध्येच राहते, समोरचा पळून गेला तर नेमकं हेच होतं. वसुली चालू असताना रिन्युअल आलं तर तोवर ते तुमच्याच डोक्यावर, नंतर वसूल झाले की एनसीबी परत लावून फरकाचे पैसे मागायला विसरू नका, कोणी आपणहून फोन करत नाही.

प्रोटेक्टेड एनसीबी घेतलाय म्हणून निर्धास्त असाल तर तो डिस्काउंटचा टक्का राखतो, मूळ प्रीमियम वाढायचा तो वाढतोच. माझा प्रोटेक्टेड नव्हता, पाच वर्षांचा तीनवर आला.

आता बाकीच्या पॉलिसी मोजा

नवरा माझ्या गाडीवर नेम्ड. त्याच्या बहिणीच्या गाडीवरपण नेम्ड, कारण ती भारतात जाते तेव्हा तिची गाडी हाच हलवतो. आणि ऑफिसची पूल कार, म्हणजे सगळ्यांनी वापरायची गाडी. म्हणजे एका धप्पला तीन पॉलिसी. बहिणीला सांगायचा त्याला जाम संकोच, "ताईचा प्रीमियम माझ्यामुळे वाढणार" म्हणून दोन आठवडे टाळत होता. शेवटी मीच वन्संना फोन केला, त्या म्हणाल्या, "मग काढून टाक की त्याला, मी तरी कुठे जातेय ह्या वर्षी." इतकं सोपं होतं. पण नाव काढायचं तर आधी कंपनीला विचारा, काढताना ॲडमिन फी लागते आणि कधी कधी दुसरा अनुभवी ड्रायव्हर गेल्यामुळे प्रीमियम उलट वाढतो.

ड्रायव्हरची स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर तिथला त्याचा एनसीबी सहसा जात नाही, कारण क्लेम त्या पॉलिसीवर नाही, पण अपघात त्याने तिथेही सांगायचा असतो. पोलिसांनी केस केली आणि बेफिकीर ड्रायव्हिंगचा सीडी १० लागला तर ती अजून वेगळी गोष्ट, ३ ते ९ पॉइंट, लायसन्सवर चार वर्षं राहतो, आणि इन्शुरन्सवाले सहसा पाच वर्षांचं विचारतात. अपघात आणि पॉइंट हे फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न आहेत, एका जागी लिहिलं म्हणून दुसरीकडे सुटका नाही. कोणते पॉइंट आहेत ते डीव्हीएलए म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर फुकट दिसतं, तिथून शेअर कोड काढून ड्रायव्हर तुम्हाला दाखवू शकतो, कोड २१ दिवस चालतो. मी भाच्याकडून मागितला तेव्हा त्याला जरा राग आला. आला तर आला.

रिन्युअल आणि कम्पॅरिझन साइट

कम्पॅरिझन साइट म्हणजे अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारी साइट. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, रात्री साडेअकराला, मोबाइलवर, "नेक्स्ट नेक्स्ट" करत. साइटवर आधी तुमची माहिती, मग "ॲड अ ड्रायव्हर", आणि प्रत्येक ड्रायव्हरखाली वेगळा प्रश्न की मागच्या पाच वर्षांत अपघात, क्लेम, नुकसान काही? काही कंपन्या तीन वर्षांचंच विचारतात. अपघात जो चालवत होता त्याच्या नावाखाली टाकायचा. तुमच्या नावाखाली टाकलात तर नोंदीशी जुळत नाही, दोघांच्या खाली टाकलात तर दोन अपघात धरतात, हे माझ्या मैत्रिणीचं झालंय, कोट म्हणजे सांगितलेला प्रीमियम एकदम नऊशे पौंडांच्या वर.

पण तुमच्या एनसीबीची वर्षं मात्र कमी झालेलीच लिहायची, कारण क्लेम तुमच्या पॉलिसीवर गेला. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात आणि तिथेच माणूस अडकतो.

मग मला सुचलेली युक्ती, जी सगळ्यांनाच सुचते: नवऱ्याला पॉलिसीवरून काढलं तर? प्रश्न जर "ह्या पॉलिसीवरच्या ड्रायव्हरांचे अपघात" असा असेल तर तो आता ड्रायव्हरच नाही. पण प्रश्नात "तुमच्या पॉलिसीवर झालेले क्लेम" असे शब्द असतील तर तो सांगावाच लागतो, चालवणारा कोणीही असो. शब्द वाचा, आणि दोन्ही अर्थ निघत असतील तर त्या कंपनीला चॅटवर विचारून स्क्रीनशॉट ठेवा. मी विचारलं, त्यांनी सांगितलं अपघात फॉर्मवर टाका, मी टाकला. आणि काढल्यावर त्याने गाडीला हात लावायचा नाही, "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत" सुद्धा नाही. विना-इन्शुरन्स सापडला तर ६ पॉइंट, ३०० पौंड आणि गाडी उचलून नेतात, आणि गाडी देणारी मी म्हणून माझ्यावरही बालंट.

उलटी युक्ती तर बिलकुल नको, म्हणजे अपघातवाल्या पोराची गाडी आईच्या नावाने काढायची आणि पोराला नेम्ड ठेवायचं जेव्हा रोज चालवतो तोच. ह्याला फ्रंटिंग म्हणतात, फसवणूक धरतात.

चालू कंपनीचं रिन्युअल पत्र आलं तर त्यातही ती चौकट तपासा, आपोआप रिन्यू होणाऱ्या पॉलिसीत जुनी माहिती तशीच छापून येते आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर ती तुमचीच उत्तरं. नवीन पॉलिसी घेतल्यावर चूक लक्षात आली तर १४ दिवसांचा कूलिंग-ऑफ काळ (ज्यात पॉलिसी रद्द करता येते) असतो, पण त्याची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करा.

त्यांना कळतं कसं

क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज नावाचा डेटाबेस आहे, सगळे त्याला "क्यू" म्हणतात, मोटर इन्शुरर्स ब्युरो म्हणजे एमआयबी तो चालवते, आणि गंमत म्हणजे एमआयबीचं ऑफिस आमच्याच मिल्टन कीन्समध्ये आहे. कंपन्यांना कळवलेले अपघात त्यात जातात, क्लेम झाला नाही तरी, पॉलिसीहोल्डरच्या नावासकट आणि ड्रायव्हरच्याही. कोट काढताना किंवा क्लेम आल्यावर कंपनी तिथे बघते. त्या पुढच्या गाडीतल्या बाईंनी त्यांच्या कंपनीला सांगितलं त्याच दिवशी आमची नोंद व्हायची ती झाली, आम्ही कॅशचा विचार करत बसलो होतो तेव्हा.

ह्याचा उलटा फायदापण आहे. जुना अपघात आठवत नसेल, तारीख पक्की नसेल, फॉल्ट ठरला की नाही माहीत नसेल तर ड्रायव्हर एमआयबीकडे स्वतःची क्यूवरची माहिती मागू शकतो, सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, फुकट, एका महिन्याच्या आत उत्तर. ज्याची माहिती त्यानेच मागायची. त्यात चूक दिसली तर ज्या कंपनीने नोंद केली तिला लिहायचं.

लपलं तर काय होतं

पूर्वी इथे १९०६ चा सागरी विम्याचा कायदा लागू व्हायचा, म्हणजे विचारलं नाही तरी महत्त्वाचं सगळं आपणहून सांगा, बोटीचा नियम बंपरला. ६ एप्रिल २०१३ पासून आपल्यासारख्या साध्या ग्राहकांसाठी कन्झ्युमर इन्शुरन्स डिस्क्लोजर अँड रिप्रेझेंटेशन्स ॲक्ट २०१२ आहे. पॉलिसी घेताना, बदलताना, रिन्यू करताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाजवी काळजी घेऊन द्यायचं. चुकलात तर कंपनीने बघायचं की हे निष्काळजीपणाने झालं की जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे.

निष्काळजीपणा असेल आणि खरं कळल्यावर त्यांनी नुसता जास्त प्रीमियम घेतला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापतात. तुम्ही ६०० पौंड भरले, खरा प्रीमियम ८०० झाला असता, म्हणजे तुम्ही पाऊण भाग भरलात. गाडीचं नुकसान ४,००० चं असेल तर हातात ३,०००. खरं कळल्यावर त्यांनी विमा दिलाच नसता तर पॉलिसी रद्द धरून प्रीमियम परत देतात, क्लेम नाही. जाणूनबुजून ठरलं तर पॉलिसी पहिल्या दिवसापासून नव्हतीच असं धरतात आणि सहसा प्रीमियमही ठेवून घेतात. जाणूनबुजून होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र त्यांची.

सगळ्यात लांब शेपूट वेगळंच आहे. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर प्रश्न असतो, तुमची पॉलिसी कधी कंपनीने कॅन्सल किंवा व्हॉइड केली आहे का? तिथे "हो" आलं की बऱ्याच कंपन्या कोटच देत नाहीत. म्हणून कंपनी म्हणाली की हा ड्रायव्हर आम्हाला चालत नाही, कॅन्सल करतोय, तर लगेच विचारा की त्याला काढून पॉलिसी ठेवता येईल का, नाहीतर मी स्वतः कॅन्सल करू का.

त्यांचा निर्णय चुकीचा वाटला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, ८ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था, फुकट, अंतिम पत्रापासून ६ महिन्यांच्या आत. तिथे सगळं येऊन थांबतं ते नेमका प्रश्न काय विचारला होता ह्यावर, म्हणून फॉर्म भरताना स्क्रीनशॉट घ्या म्हणतेय.

आई-बाबा आणि तिकडचे अपघात

सासरे सहा महिन्यांसाठी येणार म्हणून त्यांना पॉलिसीवर घ्यायचं ठरलं, भारतीय लायसन्सवर पाहुण्यांना इथे आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. फॉर्मवर तोच प्रश्न, पाच वर्षांत अपघात? मी विचारलं, "बाबा, मागच्या पाच वर्षांत कुठे लागली होती का गाडी?" ते म्हणाले, "छे!" सासूबाई आतून ओरडल्या, "आणि नाशिकला रिक्षाला लावलीत ती?" "अगं तो अपघात नव्हता, पाचशे रुपये दिले त्याला." तर प्रश्नात देश लिहिलेला नसतो. क्लेम झाला की नाही हेही विचारलेलं नसतं. एजंटला सांगितलं, भारत, क्लेम नाही, कोणाला इजा नाही, त्याने नोंदवलं. प्रीमियम बाबांच्या वयामुळे वाढायचा तेवढा वाढलाच होता, रिक्षाचे वेगळे काही लागले नाहीत.

किती वर्षं सांगत बसायचं

फॉर्म जितकी वर्षं विचारेल तितकी, आणि मोजायची अपघाताच्या तारखेपासून, क्लेम मिटला त्या तारखेपासून नाही. आमचा मिटला फेब्रुवारीत पण तारीख धरायची नोव्हेंबरची. माझं रिन्युअल असतं ऑक्टोबरात, म्हणजे पाचव्या वर्षीसुद्धा तीन आठवड्यांसाठी तो फॉर्मवर येणार आणि मग पुढच्या ऑक्टोबरापर्यंत राहणार. त्या वर्षी पॉलिसी महिनाभर उशिरा सुरू करता आली तर बरं, पण मध्ये गाडी विना-इन्शुरन्स ठेवता येत नाही, घरात उभी ठेवायची तरी सॉर्न करावी लागते, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवावं लागतं. नवरा म्हणतो तेवढा महिना मी बसने जाईन. बघू.